लिओनार्दो दा विंची व अपुरें राहिलेलें वेदीचित्र

ज्युबिलीचा प्रसंग हा हिशेबाचा प्रसंग असतो. गेल्या वर्षांत काय घडलें व काय उभें राहिलें, ह्याची आठवण आपण आनंदानें करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु जें हातीं घेतलें आणि पुरें झालें नाहीं, त्याचीहि आठवण अशाच वेळीं होते. म्हणून ह्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र न देतां एका चित्रकाराचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा पुरुष संत नव्हता. तथापि त्याच्या एका चित्राची छापील प्रत आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर लावलेली असते. प्रभु येशू आपल्या बारा प्रेषितांसह शेवटच्या भोजनास बसले आहेत, तेंच तें चित्र. तें काढणारा लिओनार्दो दा विंची होय.

दारव्ह्यासारख्या कापसाच्या मुलुखांत पांचशें वर्षांपूर्वींच्या एका इटालियन चित्रकाराची कथा कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पेरणी करून डवरणी व निंदण अर्ध्यावर टाकल्यास शेताची काय दशा होते, हें येथील लहान मुलासहि ठाऊक आहे. ज्या माणसानें हातीं घेतलेलीं बहुतेक कामें अशींच अर्ध्यावर सोडलीं, आणि तरीहि ज्याच्या नांवाचा जगांत एवढा गौरव झाला, त्याचें चरित्र येथल्या वाचकांस परकें वाटणार नाहीं.

लिओनार्दोचा जन्म ता. 15 एप्रिल 1452 रोजीं इटलींतील तुस्कनी प्रांतांत विंची ह्या गांवाकडे झाला. त्याचे वडील पिएरो हे दस्तऐवज लिहिणारे नोटरी होते. आई कातेरिना ही अगदीं सामान्य स्थितींतली स्त्री होती. उभयतांचा विवाह झालेला नव्हता. तरी आजोबांनीं नातवाच्या जन्माची व बाप्तिस्म्याची नोंद आपल्या हातानें लिहून ठेविली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं साक्षी राहिलेल्या दहा जणांचीं नांवेंहि तींत लिहिलीं. औरस पुत्र नसल्यामुळें बापाचा धंदा त्या मुलास चालवितां येण्यासारखा नव्हता. लॅटिनचें रीतसर शिक्षणहि त्यास मिळालें नाहीं. झाडें, ओढे, पक्षी, घोडे हींच त्याचीं पहिलीं पुस्तकें.

पुढें वडिलांनीं त्यास फ्लॉरेन्स शहरांत आंद्रेआ देल वेरोक्किओ ह्या नामांकित कारागिराच्या हाताखालीं ठेविलें. तो काळ युरोपांत जुन्या विद्यांच्या व कलांच्या पुनरुज्जीवनाचा होता. वेरोक्किओच्या कारखान्यांत सोनारकाम, मूर्तिकाम, ओतकाम व चित्रकाम हीं सर्व एकाच छपराखालीं चालत. 1472 सालीं लिओनार्दोचें नांव संत लूकच्या नांवानें चालणाऱ्या चित्रकारांच्या मंडळींत दाखल झालें. संत लूक हा चित्रकारांचा आश्रयदाता संत मानला जातो, हें वाचकांस माहीत असेलच. गुरूनें प्रभूच्या बाप्तिस्म्याचें एक चित्र चालविलें होतें; त्यांतील एक देवदूत ह्या शिष्यानें रंगविला. तो देवदूत इतका सुंदर उतरला कीं, त्यानंतर गुरूनें रंगास हात लाविला नाहीं, असें वासारी नांवाच्या चरित्रकारानें 1550 सालीं लिहून ठेविलें आहे. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, त्या देवदूताकडे पाहिल्यावर ती कां निघाली असावी हें ध्यानांत येतें.

आतां ज्या चित्रासाठीं हा लेख लिहिला, त्याकडे वळूं.

फ्लॉरेन्सच्या वेशीबाहेर सान दोनातो आ स्कोपेतो नांवाचा एक मठ होता. तेथील मठवासी संत अगस्तीनच्या नियमानें राहत. लिओनार्दोचे वडील ह्या मठाचे नोटरी होते. आपल्या मुख्य वेदीवर तीन राजे बाळ येशूला नमन करीत आहेत असें चित्र असावें, अशी मठवाशांची इच्छा होती. आणि 1481 च्या मार्च महिन्यांत त्यांनीं तें काम लिओनार्दोस दिलें. त्या वेळीं त्याचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें. करार लेखी झाला. काम 24 महिन्यांत, फार तर 30 महिन्यांत, पुरें करावें. रंग व सोनें चित्रकारानें आपल्या पदरचें घालावें. आणि मोबदला म्हणून मठास दान मिळालेल्या एका मिळकतीचा तिसरा हिस्सा त्यास मिळावा, असें ठरलें. त्याबरोबर एक अवघड अटहि होती. एका मुलीच्या हुंड्यासाठीं 150 फ्लोरिन त्यानें भरावयाचे होते.

जमिनीचा हिस्सा पुढें मिळणार, पण पैसा आज पाहिजे! असा करार किती जड जातो, हें बटईनें शेत करणाऱ्या माणसास समजावून सांगावयास नको. लिओनार्दोजवळ पैसा नव्हता. तेव्हां मठानेंच त्याच्या वतीनें 28 फ्लोरिन भरले, रंगांसाठीं उचल दिली, धान्य दिलें. त्यानें मठाचें घड्याळ रंगवून दिलें, तेव्हां त्याबद्दल त्यास सरपण मिळालें. सप्टेंबर महिन्यांत त्याच्या घरीं तांबड्या द्राक्षारसाचें एक पिंप पोंचविल्याची नोंद मठाच्या वहींत आहे. ह्या लहानसहान नोंदी वाचतांना आम्हांस मठवाशांविषयीं मोठा आदर वाटतो. ज्या हातून देवाचें काम व्हावयाचें, तो हात उपाशी व थंडींत राहूं नये, एवढी काळजी त्यांनीं घेतली.

चित्र सुरू झालें. पॉप्लर लांकडाच्या दहा फळ्या जोडून सुमारें आठ फूट लांब व तितकाच उंच फलक तयार झाला. लिओनार्दोनें त्यावर प्रथम रेखाटन केलें आणि मग तपकिरी छायेनें आकृति उठवावयास आरंभ केला. त्याची पद्धत इतर चित्रकारांहून निराळी होती. इतर लोक आधीं चित्राची रचना कायम करीत व मग तींत रंग भरीत. ह्याचें मन मात्र फलकावरच विचार करीत असे. एकच हात तीन ठिकाणीं, एकच मान दोन दिशांस, असें तो काढी, पुसी, पुन्हां काढी. अंधारापासून आरंभ करून तो हळूहळू उजेडाकडे येई.

मध्यभागीं धन्य कुमारी मरिया बसली आहे. मांडीवर बाळ येशू असून एका राजानें पुढें केलेली भेट घेण्यासाठीं तो हात लांबवीत आहे. भोंवतीं माणसांची दाटी आहे. कोणी गुडघ्यांवर टेकला आहे, कोणी डोळ्यांवर हात धरून पाहत आहे, कोणी जमिनीपर्यंत वांकला आहे. त्या काळच्या इतर चित्रांत हे राजे भरजरी वस्त्रांत, लवाजम्यासह, मिरवणुकीसारखे येत. येथें मिरवणूक नाहीं. देव मनुष्य झाला ही वार्ता एकदम कानीं पडल्यावर माणसें जशीं दचकतील, भितील, आनंदतील, तशीं हीं माणसें दिसतात. मागील बाजूस एक पडकी इमारत असून तिला जिने आहेत, आणि पलीकडे घोडेस्वार एकमेकांशीं झुंजत आहेत. जुनें जग मोडकळीस आलें आहे, त्यांत अजून लढाई चालली आहे, आणि पुढच्या बाजूस एक आई आपलें मूल घेऊन शांत बसली आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत प्रकटीकरणाच्या सणाचा अर्थ आम्हीं पुष्कळदां सांगितला आहे. पण तो इतक्या थोडक्यांत सांगणें आम्हांस साधलेलें नाहीं.

चित्र येथवर आलें आणि थांबलें. 1482 च्या सुमारास लिओनार्दो मिलान शहरीं लुडोविको स्फोर्झाच्या दरबारीं निघून गेला. फलक फ्लॉरेन्समध्यें बेंची नांवाच्या एका स्नेह्याच्या घरीं राहिला. राजांच्या वस्त्रांस रंग चढला नाहीं. मरियेच्या मुखावर शेवटचा हात फिरला नाहीं.

मठवाशांनीं वाट पाहिली. तीस महिने गेले, पांच वर्षें गेलीं, दहा वर्षें गेलीं. शेवटीं त्यांनीं तेंच काम फिलिप्पिनो लिप्पी ह्या दुसऱ्या चित्रकाराकडे दिलें, आणि त्यानें 1496 सालीं तीन राजांचें चित्र पुरें करून दिलें. करारापासून पंधरा वर्षांनीं वेदीवर चित्र आलें.

ह्यावरून लिओनार्दो आळशी होता असें कोणी म्हणेल, तर तो समज चुकीचा होईल. तो कसें काम करी ह्याचें वर्णन मात्तेओ बांदेल्लो नांवाच्या एका लेखकानें दिलें आहे. मिलान येथील सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए ह्या दोमिनिकन मठाच्या भोजनशाळेंत लिओनार्दो सुमारें 1495 पासून 1498 पर्यंत शेवटच्या भोजनाचें चित्र काढीत होता. बांदेल्लोचे चुलते त्या मठाचे प्रमुख होते, आणि लहानपणीं त्यानें तें काम प्रत्यक्ष पाहिलें होतें. तो सांगतो कीं, कांहीं दिवस लिओनार्दो पहांटेस पहाडावर चढे आणि अंधार पडेपर्यंत कुंचला खालीं ठेवीत नसे. खाण्यापिण्याची त्यास शुद्धि नसे. मग तीन-चार दिवस तो कुंचल्यास स्पर्शहि करीत नसे. मात्र रोज तास-दोन तास हात बांधून भिंतीसमोर उभा राही आणि आपल्याच आकृति तपाशी. कधीं भर दुपारच्या उन्हांत, दुसरीकडे चाललेलें मातीच्या मोठ्या घोड्याचें काम टाकून, तो घाईनें येई, वर चढे, एखाद्या आकृतीस एक-दोन हात मारी आणि निघून जाई.

मठाच्या प्रमुखांस हें पसंत पडलें नाहीं. बागेंत खणणारा गडी जसा कुदळ खालीं ठेवीत नाहीं, तसा चित्रकारानेंहि कुंचला खालीं ठेवूं नये, असें त्यांस वाटे. आणि त्यांनीं लुडोविकोकडे गाऱ्हाणें नेलें, असें वासारी सांगतो. लिओनार्दोनें उत्तर दिलें कीं, हात थांबलेला दिसतो तेव्हांच मन अधिक काम करीत असतें; दोन डोकीं राहिलीं आहेत; ख्रिस्ताचें मुख पृथ्वीवर शोधण्याचें आपणांस धैर्य नाहीं, आणि यहूदाचें मुख कोठें सांपडलें नाहीं, तर ह्या तगादेखोर प्रमुखांचें तर आहेच! लुडोविको हसला, आणि गाऱ्हाणें तेथेंच मिटलें. आम्ही स्वतः धर्मग्राम चालवितों, गवंड्यास व सुतारास तगादा लावण्याचें कर्म आमच्याहि नशिबीं आहे. म्हणून त्या प्रमुखांबद्दल आम्हांस थोडी सहानुभूति वाटते, हें वाचकांपासून लपवीत नाहीं.

ह्या सावकाशीचा एक अनिष्ट परिणामहि झाला. ओल्या गिलाव्यावर चित्र काढावयाचें तर हात झरझर चालला पाहिजे; गिलावा वाळला म्हणजे फेरफार होत नाहीं. लिओनार्दोस तर रोज फेरफार पाहिजे. म्हणून त्यानें कोरड्या भिंतीवर स्वतःच्या युक्तीनें रंग लाविले. ते भिंतीस नीट धरले नाहींत, आणि त्याच्या हयातींतच चित्राचे पापुद्रे सुटूं लागले. 1943 सालीं बॉम्ब पडून ती भोजनशाळा उध्वस्त झाली, तरी चित्राची भिंत उभी राहिली. आणि विसांहून अधिक वर्षें चाललेली तिची दुरुस्ती 1999 सालीं संपली.

इतर कामांची कथा अशीच आहे. मिलानमधील निष्कलंक गर्भसंभवाच्या भक्तमंडळानें 1483 च्या एप्रिलांत दिलेलें वेदीचित्र त्याच वर्षीं 8 डिसेंबरच्या सणास पाहिजे होतें. त्याबद्दलचा पैशाचा व पूर्ततेचा वाद सुमारें पंचवीस वर्षें चालला. घोड्याच्या पुतळ्याचा मातीचा नमुना 1493 सालीं उभा राहिला, पण त्यासाठीं ठेवलेलें कांसें तोफांकडे गेलें, आणि 1499 सालीं मिलान घेणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनीं त्या नमुन्याची नासधूस केली. फ्लॉरेन्समध्यें परत आल्यावर 1501 सालीं एका मठाधिकाऱ्यानें मांतुआच्या राणीस कळविलें कीं, लिओनार्दो भूमितींत गढला आहे आणि कुंचल्याचा त्यास वीट आला आहे. पुढें रोम येथें पोप दहावे लिओ ह्यांनीं त्यास एक चित्र सांगितलें, तेव्हां तो आधीं शेवटच्या रोगणासाठीं वनस्पतींचा अर्क काढीत बसला. आरंभापूर्वींच शेवटाचा विचार करणाऱ्याच्या हातून कांहीं होणार नाहीं, असा पोपमहाराजांनीं खेद केला, असें वासारी लिहितो.

मग हा माणूस करीत तरी काय होता? तो पाहत होता. त्याच्या वह्यांचीं सुमारें 7000 पानें आज शिल्लक आहेत. तो डावखुरा असल्यामुळें त्यांत उजवीकडून डावीकडे, आरशांत वाचावें असें, लिहिलेलें आहे. पाण्याचे भोंवरे, पांखरांचे पंख, घोड्यांचे पाय, माणसांचे स्नायू असें सर्व कांहीं त्यांत आहे. 1507-08 च्या हिंवाळ्यांत फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नुओवा ह्या इस्पितळांत शंभर वर्षांचा म्हणविणारा एक म्हातारा त्याच्याशीं बोलत बोलत कांहीं तासांनीं शांतपणें वारला. इतकें गोड मरण कशानें आलें हें पाहण्यासाठीं लिओनार्दोनें त्याचें शव फाडलें, आणि म्हातारपणीं रक्तवाहिन्या कशा अरुंद होतात हें टिपून ठेविलें.

व्हॅटिकनमध्यें त्याचें संत जेरोमचें एक चित्र आहे. तेंहि तीन राजांच्या चित्राच्याच सुमारास सुरू झालेलें व अपुरेंच आहे. संत वाळवंटांत गुडघ्यांवर बसून दगडानें छाती पिटीत आहे. त्या चित्रांतील मानेचे स्नायू लिओनार्दोनें पुष्कळ वर्षांनीं, शवविच्छेदनांतून मिळालेल्या ज्ञानानें, दुरुस्त केले असावेत, असें अभ्यासकांचें मत आहे. रंग बोटांनीं पसरल्यामुळें उठलेले त्याच्या बोटांचे ठसेहि त्यांत दिसतात. सोडून दिलेलें काम त्याच्या मनानें सोडलेलें नसे, हें ह्यावरून कळतें. आणि त्यामुळेंच तें पुरेंहि होत नसे. नवा टांक करून पाहतांना तो वहीच्या कडेस पुन्हां पुन्हां एकच ओळ खरडी; कांहीं तरी कधीं पुरें झालें आहे काय, अशा अर्थाची ती ओळ आहे. जगानें ज्यास थोर म्हटलें, त्यास एकांतांत हें शल्य टोंचीत होतें.

1516 च्या सुमारास फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस ह्यानें त्यास आपल्या देशीं बोलाविलें व आंब्वाझ येथें राहावयास घर दिलें. 1517 सालीं एक कार्डिनल त्याच्या भेटीस गेले, तेव्हां त्याचा उजवा हात लुळा पडला होता. त्याच्याजवळ तीन चित्रें होतीं. त्यांतील संत ॲनाच्या मांडीवर बसलेल्या मरियेचें चित्र शेवटपर्यंत अपुरेंच राहिलें.

ता. 23 एप्रिल 1519 रोजीं त्यानें मृत्युपत्र केलें. आपला आत्मा त्यानें परमेश्वरास, धन्य कुमारी मरियेस, संत मायकलास व सर्व देवदूतांस आणि संतांस सोपविला. आपल्यासाठीं मिस्सा व्हाव्या, आणि साठ गरीब माणसांनीं साठ मेणबत्त्या धरून प्रेतयात्रेंत चालावें व त्यांस त्याचा मोबदला मिळावा, अशी व्यवस्था त्यानें केली. इस्पितळाच्या गरिबांस पैसे ठेविले. वह्या मेल्सी ह्या शिष्यास दिल्या. आणि मोलकरीण मातुरीन हिला अस्तर लाविलेला चांगल्या काळ्या कापडाचा झगा दिला. ज्यानें ऐन तारुण्यांत करारपत्रांची पर्वा केली नाहीं, त्याचें हें शेवटचें पत्र मात्र पूर्ण व काटेकोर आहे. ता. 2 मे 1519 रोजीं तो वारला. मरणापूर्वीं त्यानें पश्चात्तापानें पापनिवेदन केलें व ख्रिस्तप्रसाद घेतला, असें वासारी सांगतो. तो राजाच्या बाहूंत मेला ही कथा प्रसिद्ध आहे, पण ती खरी नसावी. आमच्या मतें वरील गोष्ट तिच्याहून मोलाची आहे.

सान दोनातोचा मठ आज नाहीं. 1529 सालीं फ्लॉरेन्सला शत्रूचा वेढा पडण्याच्या सुमारास वेशीबाहेरील इमारती पाडण्यांत आल्या. त्यांत तो गेला. अपुरा फलक व फिलिप्पिनोचें पुरें चित्र हीं दोन्ही आज फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयांत आहेत. 2011 पासून सुमारें सहा वर्षें लिओनार्दोच्या फलकाची सफाई चालली. जुन्या रोगणाचे पिवळे थर निघाल्यावर आकाशाचा निळा रंग उमलला, आणि त्या पडक्या इमारतीवर काम करणारे मजूर दिसूं लागले. पांचशें वर्षें ज्यास लोक केवळ ओसाडी समजत होते, तेथें बांधकाम चालू होतें!

आतां निवाडा काय द्यावा? वाचकहो, आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, दिलेला शब्द मोडणें हें थोर बुद्धीच्या माणसासहि शोभत नाहीं. ज्यांनीं त्यास सरपण व धान्य पुरविलें, त्यांची वेदी पंधरा वर्षें त्या चित्रावांचून राहिली. अखेर त्या वेदीची सेवा फिलिप्पिनोनें केली. त्याच्या चित्रापुढें तेहतीस वर्षें मिस्सा झाली, मठवाशांनीं प्रार्थना केली, आयाबायांनीं मेणबत्त्या लाविल्या असतील. त्याचें नांव आज थोडेच लोक घेतात. पण वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांस तेव्हां त्याचीच गरज होती. धर्मग्राम चालतो तो अशा फिलिप्पिनोंच्या बळावर. रविवारीं वेळेवर घंटा वाजविणारा, मुलांस जपमाळ शिकविणारी, वर्गणीचा हिशेब पै-पैनें ठेवणारा, हीं सर्व माणसें त्याच्याच पंक्तींतलीं. ह्या ज्युबिलीच्या दिवशीं त्यांस आमचा नमस्कार असो.

दुसरी गोष्ट ही कीं, अपुरें राहिलेलें सर्वच वायां जात नाहीं. लिओनार्दोनें वेदीस चित्र दिलें नाहीं, परंतु बाळ येशूसमोर माणसाचें मन कसें हालतें हें त्यानें असें दाखविलें कीं, पुढच्या चित्रकारांच्या पिढ्या त्यावरून शिकल्या. आपल्याहि धर्मग्रामांत कित्येक कामें आरंभिलीं जातात, आणि तीं पुरीं होण्यापूर्वींच आरंभ करणारे देवाघरीं जातात. त्यांच्या अपुऱ्या फलकांची अडगळ होऊं देऊं नये. जें आपण कबूल केलें तें मुदतींत पुरें करावें, आणि जें पूर्वजांनीं मनापासून आरंभिलें व राहिलें तें आदरानें जपावें. राजांच्या त्या चित्रांत बाळ येशूचा हात अजून पुढें केलेला आहे. भेट पुरी रंगलेली नाहीं, तरी तो ती घेतच आहे.